यजमानाघरचे तांब्याभर पाणी

चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून रामनवमीपर्यंत गावोगावच्या राममंदिरांतून कीर्तने होतात. कीर्तनकार बहुधा परगावचा. त्याचा उतारा गावातील एखाद्या गृहस्थाच्या घरी. शके १५३० मध्ये, म्हणजे इ. स. १६०८ साली, ज्या जांब गावी श्रीसमर्थ रामदासस्वामी जन्मले, त्या घनसावंगी तालुक्यात आम्ही असे पुष्कळ मुक्काम केले. आता बऱ्याच क्षेत्री भक्तनिवास झाले आहेत. सोय उत्तम असते. परंतु खरे सांगायचे तर आमचे मन तेथे रमत नाही.

अतिथीचा सत्कार हा पंचमहायज्ञांपैकी नृयज्ञ होय. ज्याचे राहणे नित्य नव्हे तो अतिथी, अशी व्युत्पत्ती देऊन मनूने त्याच्या मुक्कामाला एका रात्रीची मर्यादा घातली. कठोपनिषदातील नचिकेता यमाच्या घरी तीन रात्री उपाशी राहिला, तेव्हा प्रत्यक्ष यमधर्माने त्या बालकाला नमस्कार करून तीन वर देऊ केले. यजमानाला शास्त्राने असे बांधून टाकले आहे. पाहुण्याने कसे वागावे, याविषयी मात्र त्या मानाने थोडेच सांगितलेले आढळते. ते आम्हांला जालना जिल्ह्यातील घरांनी शिकविले.

सन २०१३ च्या चैत्रातील गोष्ट. त्या दुष्काळात जालना जिल्हा फार होरपळला. जिल्ह्याची शान असलेल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. आम्ही ज्या शेतकऱ्याकडे उतरलो, त्या गावाला पाणी टँकरचे. तरीही ओसरीवर पाऊल ठेवताच घरच्या वृद्ध माउलीने पाय धुण्यास तांब्या पुढे केला. नको म्हणावे तर तिच्या गृहस्थाश्रमाचा अवमान. घ्यावे तर घरातल्या लेकरांच्या तोंडचे पाणी आपल्या पायांवर! आमची घालमेल तिने ओळखली असावी. “महाराज, घमेल्यात उभं ऱ्हा. पाणी वाया जात नाही आमच्यात,” ती म्हणाली. आम्ही घमेल्यात उभे राहिलो, पाय धुतले, आणि तिच्या नातवाने ते घमेले उचलून परसातल्या मोसंबीच्या दोन रोपांना नेऊन घातले. रात्री ज्वारीची भाकरी, पिठले आणि ठेचा. पक्वान्न नाही म्हणून कोणी दिलगिरी दाखविली नाही, याचे आम्हांला फार बरे वाटले.

अतिथीची ही कसोटी दूरदेशीही ओळखतात. जपानच्या शिकोकू बेटावर कोबो दैशी या आचार्यांच्या नावाने अठ्ठ्याऐंशी मंदिरांची सुमारे बाराशे किलोमीटरांची यात्रा चालते. श्वेत वस्त्रे, हाती काठी, माथ्यावर गवती टोपी, असे यात्रेकरू खेड्यांतून जातात आणि तेथील गृहस्थ त्यांना फळे, भोजन, क्वचित रात्रीचा निवारा देतात. या दानाला ‘सेत्ताई’ म्हणतात. ते नाकारू नये असा संकेत आहे. घेणाऱ्याने आपले नाव लिहिलेली चिठ्ठी दात्याला द्यावयाची. हे आचार्य नवव्या शतकाच्या आरंभी चीनमध्ये जाऊन संस्कृत शिकले होते. यात्रेकरूच्या टोपीवर आजही सिद्धम् लिपीतील एक अक्षर असते, हे कळले तेव्हा आम्हांला आपलेच कोणी भेटल्यासारखे झाले.

आमच्याकडे तशी चिठ्ठी नाही. कीर्तनकाराने रात्री घरातील मुलांना जवळ घेऊन एखादा श्लोक अर्थासह सांगावा. ताटात टाकू नये. पहाटे अंथरुणाची घडी आपल्या हाताने घालावी. पेटीवाले, तबलजी धरून आपण किती जण, हे आधी निरोप देऊन कळवावे. तिघे सांगून पाच जण दारात उभे राहिले, तर निजायला निघालेली सून पुन्हा चुलीपाशी बसते आणि भाकरी थापू लागते. ती काही बोलत नाही, म्हणून तर अधिक जपावयाचे.