सिनेमाची सिरियल होते तेव्हा

घरातली यंत्रं : भाग ७

पेण सोडून रोह्याकडे निघालेल्या गाडीचं पहिलं स्टेशन कासू. गणपतीत मुंबईची मंडळी इथे उतरतात आणि आरती, जेवणं आटोपली की नव्या, भल्या मोठ्या टीव्हीभोवती बैठक जमते. समजा कुणी 'किल्ला' लावला. अविनाश अरुण यांनी दिग्दर्शनाबरोबर कॅमेराही स्वतःच सांभाळलेला, कोकणच्या पावसात भिजलेला चित्रपट. पाच मिनिटं होत नाहीत तोच एखादी काकू म्हणणारच, "हे काय रे, सिरियल लागल्यासारखं दिसतंय!"

काकूंचं निदान अगदी बरोबर आहे.

चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी चालतो. मूकपटांच्या काळात हँडल हाताने फिरवत, त्यामुळे वेग कमीजास्त झाला तरी खपून जाई. १९२०च्या दशकाच्या अखेरीस फिल्मला आवाज जोडला गेला आणि वेग बांधून घेणं भाग पडलं, नाहीतर पात्रांचे गळे बदलले असते. आपल्याकडचं दूरदर्शन मात्र सेकंदाला ५० अर्धी चित्रं दाखवी. व्हिडिओवर चित्रित झालेल्या मालिकांतली हालचाल म्हणूनच जास्त सुळसुळीत दिसे. सिनेमा असा आणि सिरियल तशी, ही खूणगाठ डोळ्यांनी न शिकवता बांधली.

आजचा टीव्ही ती मोडतो. चित्रपटातली लागोपाठची दोन चित्रं घेऊन तो मधलं चित्र अंदाजाने तयार करतो आणि तिथे घुसडतो. ते चित्र कॅमेऱ्याने कधी टिपलेलंच नसतं. खिडकीच्या गजांसमोरून कुणी हात हलवत गेलं, की हाताभोवतीचे गज पाण्याखाली असल्यासारखे लवतात. तिथे अंदाज चुकलेला असतो.

कंपन्यांनी हा उद्योग उगाच केलेला नाही. अनेक पडदे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतात. २४ने ६०ला पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक चित्र दोनदा आणि पुढचं तीनदा दाखवावं लागतं. कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळतं ते यामुळे. हा अडखळा ज्यांना फारच खुपतो, त्यांनी मधली चित्रं घुसडण्याची ही सोय पूर्ण बंद न करता अगदी खालच्या पायरीवर ठेवावी.

तिचं नाव मात्र प्रत्येक घरी वेगळं. सोनीकडे मोशनफ्लो, एलजीकडे ट्रूमोशन, सॅमसंगकडे पूर्वी ऑटो मोशन प्लस आणि नंतर पिक्चर क्लॅरिटी. सेटिंगमध्ये चार दारं उघडल्यावर ती सापडते. डिसेंबर २०१८मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी खास व्हिडिओ काढून प्रेक्षकांना ती बंद करायची विनंती केली होती. २०१९मध्ये 'फिल्ममेकर मोड' जाहीर झाला. तो असेल तर निवडला की काम झालं. नसेल तर 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' निवडावं आणि वरची सोय बंद आहे ना, हे तरीही तपासावं.

रंगांचं दुखणं दुकानातून येतं. ट्यूबलाइटच्या झगझगाटात, रांगेतल्या पंधरा टीव्हींत उठून दिसावा म्हणून संच 'व्हिव्हिड'वर लावलेला असतो. घरीही तो तसाच राहिला तर 'किल्ला'मधलं ओलं, करडं आभाळ निळंशार होतं आणि माणसं शेंदूर फासल्यासारखी दिसतात. पेणच्या कारखान्यात मूर्तीच्या अंगाचा रंग आणि डोळ्यांची आखणी निरखून घेणाऱ्यांनी घरात असला रंग चालवून घ्यावा, हे नवलच.

'कलर टेम्परेचर' वॉर्मकडे न्यावं. पहिल्या संध्याकाळी पडदा पिवळट वाटेल, दोन दिवसांत डोळा रुळतो. 'शार्पनेस' जवळजवळ तळाला न्यावा. त्याने बारकावे वाढत नाहीत, कडांना पांढरी किनार तेवढी चढते, आणि साध्या डिशवरच्या चॅनेलला तर चेहऱ्यांभोवती माशा घोंघावल्यासारखं दिसतं. बऱ्याच संचांत उजेडाचं बटण 'बॅकलाइट' असतं. तिथे 'ब्राइटनेस' वाढवला की काळा रंग राखाडी होतो, एवढंच. संध्याकाळी चित्र आपोआप मंद होत असेल तर वीजबचतीची सोय चालू आहे का, ते पाहावं.

क्रिकेटचं थोडं निराळं. सामना मुळातच सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांचा येतो, त्याला अंदाजाची फारशी गरज नसते. तरी कुणाला सुळसुळीतपणा हवाच असेल तर ठेवू द्यावा. बऱ्याच संचांत सेट-टॉप बॉक्सची आणि ॲपची सेटिंग वेगवेगळी राहते, म्हणजे काकांचा सामना आणि काकूंचा सिनेमा एकाच टीव्हीवर नांदतो.

उरला पडद्याचा आकार. 'प्रभात'चा 'संत तुकाराम' १९३६चा, जवळपास चौकोनी चित्राचा. तो रुंद पडद्यावर ताणला की विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा चांगलेच गुटगुटीत होतात. आकार ४:३ केला की पुन्हा पहिल्यासारखे सडसडीत. दोन्ही बाजूंना काळे पट्टे मात्र येणार, आणि घरातलं कुणीतरी विचारणारच, "एवढा मोठा घेतला, मग अर्धाच का लावलाय?"