विखुरलेली सागरी पवनक्षेत्रे आणि विद्युत्‌जाल

वाऱ्यापासून मिळणाऱ्या विजेवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, तो वाऱ्याच्या लहरीपणाचा. पवनक्षेत्रे दूरदूर पसरावीत, म्हणजे एकीकडे वारा मंदावला तरी दुसरीकडे तो वाहत असेल, हे त्यावरील ठरीव उत्तर होय. ते खोटे नाही. परंतु अपुरे आहे.

वाऱ्याची शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्म्यावर आला की शक्ती अष्टमांशच उरते. शंभर कोसांच्या अंतरावरील दोन ठिकाणचे हे हेलकावे एकाच वेळी क्वचितच येतात, म्हणून अल्पकालीन चढउतार बेरजेत बरेचसे विरून जातात. उच्च दाबाचे विस्तीर्ण क्षेत्र उत्तर युरोपावर ठाण मांडून बसले, म्हणजे मात्र उत्तर समुद्र आणि बाल्टिक एकदमच शांत होऊ शकतात. शिवाय मधल्या तारा नसतील, तर ही बेरीज कागदावरच राहते.

या दृष्टीने बाल्टिकमधील क्रीगर्स फ्लाक या उथळ भागाचे उदाहरण बोधक आहे. तेथील सुमारे ६०० मेगावॉटचे डॅनिश क्षेत्र आणि २८८ मेगावॉटचे जर्मन 'बाल्टिक २' हे क्षेत्र यांत ३० किलोमीटरांहूनही कमी अंतर आहे. २०२० साली दोहोंची सागरी उपकेंद्रे समुद्रतळावरील दोन तारांनी जोडण्यात आली. वारा पडला असता हाच मार्ग दोन देशांतील विजेच्या देवघेवीस मोकळा होतो.

पूर्व डेन्मार्क नॉर्डिक जालाशी समकालिक आहे, तर जर्मनी मध्य युरोपाच्या जालाशी. कंप्रता दोन्हीकडे ५० हर्ट्‌झच. पण एकच लय धरणाऱ्या दोन मृदंग्यांची थाप एकाच क्षणी पडेल असे नाही. म्हणून रोस्टॉकनजीक बेंटविश येथे प्रत्यावर्ती प्रवाह एकदिश करून पुन्हा प्रत्यावर्ती केला जातो.

यंत्राचा प्रश्न असा सुटला; हक्काचा प्रश्न अधिक बिकट होता. मार्गाची क्षमता सुमारे ४०० मेगावॉट. सीमापार मार्गांच्या क्षमतेचा किमान ७० टक्के भाग व्यापारास खुला ठेवावा, असा युरोपीय संघाचा नियम आहे. तो येथे शब्दशः लावला असता, तर ऐन वाऱ्याच्या दिवशी पवनचक्क्यांनाच वाट उरली नसती. अखेर नोव्हेंबर २०२० मध्ये युरोपीय आयोगाने सवलत दिली: पवनक्षेत्रांच्या विजेस लागणारी जागा आधी वजा करावी आणि उरलेल्या क्षमतेवर तो नियम लावावा. ही वजाबाकी आदल्या दिवशीच्या वाऱ्याच्या अंदाजावरून करावी लागते.