‘लफेव्र’ : एका फ्रेंच आडनांवांतील मूक ‘ब’

जुने कागद वाचतांना अक्षर प्रमाण मानावें कीं उच्चार, ही शंका पदोपदीं येते. फ्रान्स देशांतील एका आडनांवाच्या इतिहासानें या शंकेवर चांगला प्रकाश पडतो, म्हणून तो येथें देत आहों. हें आडनांव ‘लफेव्र’ होय. फ्रान्समध्यें सर्वांत अधिक आढळणाऱ्या वीस आडनांवांत त्याची गणना होते. त्याच्या बहुप्रचलित लेखनांत ‘व’च्या आधीं एक ‘ब’ असतो. तो उच्चारांत मात्र मुळींच नाहीं.

मूळ शब्द लॅटिन ‘फाबेर’, म्हणजे कारागीर, विशेषतः धातु घडविणारा. जुन्या फ्रेंचमध्यें यांतील ‘ब’चा ‘व’ होऊन ‘फेव्र’ झालें व त्यास पूर्वीं ‘ल’ हें निर्देशक उपपद लागून ‘लफेव्र’, म्हणजे ‘तो लोहार’, असें नांव सिद्ध झालें. आपल्या लोहकाराचा लोहार झाला, तशीच ही गोष्ट. पुढें हा शब्द बोलण्यांतून गेला; परंतु सोनारास फ्रेंचमध्यें आजही ‘ऑर्फेव्र’ म्हणतात, त्यांत तो शिल्लक आहे.

म्हणजे ‘ब’ एकदां जाऊन चुकला होता. तो परत आणिला लेखनिकांनीं. मध्ययुगाच्या अखेरीस लॅटिन पढलेल्या या मंडळीस तद्भवावर तत्समाचा अंगरखा चढविण्याची मोठी हौस. शिवाय त्या काळीं ‘उ’ व ‘व’ एकाच अक्षरानें लिहीत. मागें ‘ब’ घातला म्हणजे पुढील अक्षर व्यंजन आहे हें कळे, असेंही एक कारण सांगतात. आमच्या मतें दोन्ही कारणें एकत्र घडलीं असावींत. कोणा शास्त्र्यानें ‘लोहकार’ लिहावें आणि गांवानें ‘लोहार’च वाचावें, तसा हा प्रकार. परंतु वाचकाच्या सोयीसाठीं घातलेल्या या अक्षरानेंच पुढें घात केला. कांहीं घराण्यांत ‘व’च्या जागीं ‘उ’ वाचला जाऊन ‘लेफेब्यूर’ हें निराळेंच आडनांव उत्पन्न झालें. ऑर्गनवादक लुई लेफेब्यूर-वेली (१८१७–१८६९) यांच्या नांवांत तेंच आहे. मोडींतील ऱ्हस्वदीर्घाच्या अभावीं ज्यांनीं गोते खाल्ले आहेत, त्यांस याचें नवल वाटूं नये.

प्रांतपरत्वें याच ‘फाबेर’चीं रूपें भिन्न झालीं. उत्तरेस पिकार्डी, नॉर्मंडी इकडे ‘लफेव्र’, दक्षिणेस ‘फाब्र’ व ‘फोर’, सॅव्हॉयकडे ‘फाव्र’. कीटकशास्त्रज्ञ झां-आंरी फाब्र (१८२३–१९१५) आणि १८९५ ते १८९९ पर्यंत राष्ट्राध्यक्ष असलेले फेलिक्स फोर हे, नांवापुरते तरी, एकाच भट्टीचे. ज्यांचें शव गोव्यास आहे त्या फ्रान्सिस झेवियर यांचे पॅरिस येथील सहाध्यायी पिएर फाव्र (१५०६–१५४६) हे सॅव्हॉयचे. लॅटिन कागदांत ते ‘पेत्रुस फाबेर’ होतात. बायबलाचें फ्रेंच भाषांतर करणारे पंडित झाक लफेव्र देताप्ल हेही लॅटिनमध्यें ‘फाबेर’च. तेव्हां एखाद्या लॅटिन पत्रावर नुसतें ‘फाबेर’ दिसल्यास त्यावरून लेखकाचा प्रांत ठरवूं नये. संग्राहकांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें.

१५३९ च्या राजाज्ञेनें धर्मोपाध्यायांस बाप्तिस्म्यांच्या नोंदी ठेवणें भाग पडलें, आणि १७९४ च्या कायद्यानें जन्मनोंदींतील नांवाखेरीज दुसरें नांव धारण करण्यास मनाई झाली. त्यानंतर नोंदणाऱ्याच्या लहरीप्रमाणें ‘ब’ पडला तो पडला, राहिला तो राहिला. म्हणून आज ‘ब’युक्त व ‘ब’रहित अशीं दोन्ही रूपें फ्रान्सभर मुबलक आढळतात, त्यावरून कुळें भिन्न ठरत नाहींत. क्वेबेकमध्येंही हें आडनांव पुष्कळ आहे. तेथून संयुक्त संस्थानांत गेलेल्या कांहीं कुटुंबांचें तर इंग्रजींत ‘बीन’ होऊन बसलें. कारण फ्रेंच ‘फेव’ म्हणजे शेंग, आणि ‘फेव्र’ ऐकणाऱ्याच्या कानास शेवटचा ‘र’ लागला नाहीं.