मोठ्या शहरातील एक वासंतिक रविवार

मोठ्या शहरात सुटीचा दिवस कसा घालवावा, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : एखादा चित्रपट, थोडी खरेदी आणि हॉटेलातले जेवण. खिसा रिकामा होतो आणि शहर पाहायचे राहूनच जाते. थोडी माहिती व योग्य क्रम असेल, तर अल्प खर्चातही दिवस सार्थकी लागतो, असा माझा अनुभव आहे.

नोकरीनिमित्त मी काही वर्षे मध्य प्रदेशातील गौतमपुरा येथे होतो. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावावरून वसलेले हे लहानसे गाव. दिवाळीनंतरच्या पाडव्यास येथे ‘तुर्रा’ व ‘कलंगी’ या दोन दलांत हिंगोट युद्ध होते. कलगी-तुऱ्याच्या लावण्या ऐकलेल्या आपल्या वाचकांना ही नावे परकी वाटू नयेत. येथून देपालपूरमार्गे इंदूर सुमारे पंचावन्न-साठ किलोमीटर. रविवारी पहिली बस धरावी, हा माझा नेम होता.

फाल्गुन-चैत्रात माळव्याची सकाळ सुखद, पण दुपार तापलेली असते. म्हणून उघड्यावरची ठिकाणे सकाळी, छपराखालची दुपारी आणि बाजार रात्री, हा क्रम ठेवावा.

आरंभ पोहे-जिलबीने करावा. इंदुरी पोहे वाफेवर गरम ठेवतात. वर शेव आणि जिरावण नावाचा मसाला भुरभुरतात. मग कान्ह नदीकाठच्या कृष्णपुरा छत्र्या पाहाव्यात. कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव व शिवाजीराव होळकर यांची ही स्मारके. तेथून राजवाडा पायी जाण्याइतका जवळ आहे. सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या दंगलीत त्याचा मोठा भाग जळाला. पुढे तो पारंपरिक पद्धतीने पुन्हा उभारण्यात आला. जुने व नवे काम कोठे जुळते, हे शोधणे हाच एक छान अभ्यास आहे.

दुपारी मध्यवर्ती संग्रहालय गाठावे. हिंगलाजगडाची परमारकालीन शिल्पे येथे आहेत. घाई न करता दोन-तीन मूर्तींपुढेच थांबले तरी पुरे. ऊन उतरल्यावर लालबागेकडे वळावे. १८८६ ते १९२१ या काळात बांधलेल्या या प्रासादाचे फाटक लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकासारखे घडवलेले आहे. प्रासाद आतून पाहता येईल की नाही, याची चौकशी आधी करावी.

रात्री सराफा बाजार. दिवसा सोन्याचांदीचा व्यापार चालतो. दुकाने बंद झाली की त्यांच्याच पुढे खाद्यपदार्थ मांडले जातात. मक्याचा कीस अवश्य खावा. साबुदाण्याची खिचडी पाहून घरची आठवण येईल! मात्र परतीच्या बसची वेळ आधीच विचारून ठेवावी.

रंगपंचमी रविवारी आली तर हा सारा क्रम बाजूला ठेवावा. २०२३ मध्ये १२ मार्चला असा योग आला होता. त्या दिवशी राजवाड्याच्या परिसरातून ‘गेर’ निघते आणि यंत्रांनी उडवलेले रंग घरांच्या वरच्या मजल्यांपर्यंत पोहोचतात. जुने कपडे घालावेत व मोठ्या गर्दीची तयारी ठेवावी.

इंदुरात १९१७, १९३५ व २००१ या वर्षी मराठी साहित्य संमेलने भरली. लता मंगेशकर यांचा जन्म १९२९ मध्ये येथलाच. आणि आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांसाठी मुद्दाम सांगतो : बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचे शिवपुत्र कोमकली, म्हणजेच पं. कुमार गंधर्व, १९४८ मध्ये इंदूरपासून सुमारे पस्तीस किलोमीटरवरील देवासला स्थायिक झाले. माळव्याच्या लोकगीतांचा त्यांनी अभ्यास केला आणि ऋतूंवर आधारित कार्यक्रम रचले. त्यांत ‘गीत वसंत’ हाही होता. एवढे ठाऊक असलेला विद्यार्थी या शहरात उपरा राहत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, पुणे असो, हुबळी असो वा बंगळूर, जाण्यापूर्वी ग्रंथालयात अर्धा तास बसावे आणि त्या शहराविषयी चार गोष्टी टिपून घ्याव्यात. खरेदी कोठेही होते. ते शहर मात्र तेथेच पाहायला मिळते.