अक्षरे तीच, अर्थ निराळे

सावंतवाडी तालुक्यातील आरोंदा हे गाव तेरेखोल खाडीच्या उत्तर तीरावर वसले आहे. पलीकडच्या तीरावर गोव्याचा पेडणे तालुका. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत या दोन तीरांवर दोन निराळ्या राजवटी नांदत होत्या. घरची बोली दोहोंकडे जवळजवळ एकच, परंतु शाळेत शिकावयाची परकी भाषा पलीकडे पोर्तुगीज आणि अलीकडे इंग्रजी. लिपी मात्र दोन्ही भाषांची रोमनच. त्यामुळे ‘एम, ए, आर’ ही तीन अक्षरे पेडण्याच्या विद्यार्थ्याने वाचली तर अर्थ समुद्र, आणि आरोंद्याच्या विद्यार्थ्याने वाचली तर अर्थ बिघडविणे. हीच अक्षरे इंग्रजीत जागा बदलून ‘आर्म’ झाली की बाहू, ‘रॅम’ झाली की मेंढा. अक्षरांचा अर्थाशी काही जन्मजात संबंध नसतो, तो क्रमाने आणि प्रघाताने जुळतो, हे शिकविण्यास याहून सोपे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

क्रमाचा हा विचार महाराष्ट्रास नवा नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त अंकपाश नावाचे प्रकरण आहे. शंकराच्या दहा हातांत दहा आयुधे किती प्रकारांनी देता येतील, असा प्रश्न तेथे घातला असून त्याचे उत्तर ३६,२८,८०० असे येते. विष्णूच्या चार हातांतील शंख, चक्र, गदा व पद्म यांचे प्रकार २४. संध्येतील केशवापासून कृष्णापर्यंतची चोवीस नावे याच हिशेबाशी जुळतात, कारण आयुधांचा क्रम बदलला की मूर्तीचे नाव बदलते. वस्तू त्याच, क्रम निराळा, म्हणून नाम निराळे.

मराठी शब्दांतही हा खेळ पुष्कळ आहे. ‘पत’ उलटविली की ‘तप’ होते, ‘सभा’ उलटविली की ‘भास’, आणि ‘जमा’ उलटविली की ‘माज’. ‘रकम’, ‘मकर’ आणि ‘कमर’ ही एकाच त्रयीची तीन रूपे. वाल्या कोळ्याला ‘राम’ म्हणता येईना, तो ‘मरा, मरा’ म्हणत राहिला आणि त्यातून रामनाम उमटले, ही कथा तर घरोघरी ठाऊक आहे. मात्र येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. देवनागरीत अक्षराने जागा बदलली तरी त्याचा उच्चार बहुधा बदलत नाही. ‘रा’ पुढे असो वा मागे, तो ‘रा’च राहतो. कानाने ऐकावे आणि हाताने लिहावे, एवढ्यावर मराठी मुलाचे बरेचसे निभावते.

इंग्रजीत नेमके हेच निभावत नाही. ‘ई, ए, टी’ या तीन अक्षरांचे ‘ईट’, ‘टी’ आणि ‘एट’ असे तीन शब्द होतात. खाणे, चहा आणि खाल्ले असे त्यांचे अर्थ, आणि पहिल्या दोहोंत स्वर एकच असला तरी ‘एट’मध्ये तो निराळा. ‘ओन’, ‘वन’ आणि ‘नाउ’, म्हणजे स्वतःचे, जिंकले आणि आता, हे शब्दही एकाच तीन अक्षरांचे आहेत, परंतु कानाला त्यांचे नाते कळत नाही. ‘सॉ’ आणि ‘वॉज’ यांत अक्षरे केवळ उलटी होतात, उच्चार मात्र समूळ पालटतो.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. सहा वर्षांचे मूल एकाच वेळी दोन लिप्या गिरवू लागते. त्याने ‘वॉज’च्या जागी ‘सॉ’ लिहिले की वहीवर लाल रेघ उमटते आणि शब्द दहा वेळा लिहिण्याची शिक्षा होते. अनेकदा ‘मठ्ठ’ हे विशेषणही पदरी पडते. वस्तुतः अक्षरे सारी बरोबर असतात, चुकतो तो फक्त क्रम, आणि हा क्रम कानाने पारखण्याची सोय इंग्रजीने ठेवलेलीच नाही. अशा चुकीत बुद्धीची उणीव पाहणे हा त्या मुलावर अन्याय आहे. या वयात धरलेली धास्ती पुढे दहावीपर्यंत आणि नोकरीच्या मुलाखतीपर्यंत पिच्छा पुरविते.

इंग्रजी शब्दलेखनास धड नियम नाहीत, म्हणून घोकंपट्टीवाचून गत्यंतर नाही, असे यावर म्हटले जाईल. त्यात तथ्य आहे, परंतु ते अर्धेच आहे. घोकून शब्द शुद्ध येतो, तो योग्य ठिकाणी येईलच असे नाही. कचेरीतील पत्रव्यवहारात ‘फ्रॉम’च्या जागी ‘फॉर्म’ पडतो, किरकोळ रजेच्या अर्जात ‘कॅज्युअल’चे ‘कॉझल’ होते आणि नैमित्तिक रजा कार्यकारणाची होऊन बसते. ‘युनायटेड’मधील दोन अक्षरांनी जागा बदलली की ‘अनटाइड’ होऊन एकत्र आलेले सुटे होतात. संगणकावरील शुद्धलेखन तपासनीसही अशी चूक पुष्कळदा सोडून देतो, कारण दोन्ही शब्द त्याच्या कोशात शुद्धच असतात. ती ओळखण्यास वाक्याचा अर्थ कळावा लागतो.

म्हणून वर्गात असे शब्द टाळण्याऐवजी मुद्दाम शेजारी शेजारी मांडावेत. फळ्यावर तीन अक्षरे लिहून त्यांचे सहा क्रम मुलांकडूनच काढून घ्यावेत, त्यांतील खरे शब्द कोणते ते विचारावे, आणि प्रत्येकाचे एकेक वाक्य करवून घ्यावे. आधी ‘सभा’ आणि ‘भास’ घ्यावेत, मग ‘सॉ’ आणि ‘वॉज’, म्हणजे परक्या भाषेतील अडचण ओळखीच्या वाटेने समोर येईल. यास अनुदान लागत नाही, नवे पाठ्यपुस्तकही लागत नाही. खडू, फळा आणि आठवड्यातील एक तास पुरतो. आरोंद्यासारख्या गावातील शाळेलाही तो परवडण्याजोगा आहे.