‘दव पडते’ म्हणजे काय होते?

हिवाळ्यात पहाटे कामठीस कन्हानच्या काठाने चालत गेल्यास गवताने पाय भिजतात. त्या ओलाव्यास ह्या गावात तीन नावे ऐकू येतात. मराठी मनुष्य ‘दव पडले’ म्हणतो, हिंदी बोलणारा ‘ओस’ म्हणतो, तर उर्दू बोलणारा ‘शबनम’. मूळच्या फारसी ‘शबनम’चा अर्थ केवळ रात्रीची ओल, त्यात दिशा नाही. ‘ओस’ हा संस्कृत ‘अवश्याय’चा वंशज. त्यातील ‘श्यै’ धातू थिजण्याचा अर्थ देतो आणि ‘अव’ उपसर्ग खालची दिशा सुचवतो. मराठीत तर क्रियापदच ‘पडणे’. दव पावसाप्रमाणे वरून येते काय, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

झाडाखालचे गवत कोरडे राहते, हा ह्या समजुतीचा नेहमीचा पुरावा. लंडनमधील वैद्य विल्यम चार्ल्स वेल्स ह्यांच्या १८१४ सालच्या दवविषयक निबंधात त्याचे उत्तर सापडते. दोन्ही टोकांस उघडी असलेली मातीची नळी गवतावर उभी करून त्यांनी तिच्या तळाशी लोकर ठेवली. दव सरळ खाली पडत असते, तर आतील व बाहेरील लोकर सारखीच भिजावयास हवी होती. आतील लोकर फारच कमी भिजली. नळीने पाणी अडवले नव्हते; लोकरीसमोरचे बरेचसे आकाश झाकून तिचे थंड होणे अडवले होते. झाडही हेच करते.

पानाचे तसेच आहे. ते पातळ असल्याने त्यात उष्णतेचा साठा थोडा असतो. निरभ्र रात्री ते आकाशाकडे उष्णता उत्सर्जित करते आणि भोवतालच्या हवेहून थंड होते. त्याचे तापमान हवेच्या दवबिंदू तापमानाखाली गेले की लगतच्या हवेतील बाष्प त्यावर पाणी होऊन जमते. ढग असल्यास ते उष्णता परत पाठवतात. जोराचा वारा पानास पुन्हा ऊब देतो. हवा अगदीच निश्चल असल्यास नवे बाष्प पोहोचत नाही. हे बाष्प वरच्या हवेतून येते, तसेच ओल्या जमिनीतूनही वर येते. मॉन्टीथ ह्यांनी १९५७ साली हे दोन मार्ग वेगळे करून दाखविले.

पहाटे पानावर दिसणारे सर्वच पाणी मात्र दव नव्हे. गव्हाच्या कोवळ्या पात्याच्या टोकावरचा टपोरा थेंब बहुधा मुळांच्या दाबाने जलरंध्रांतून बाहेर आलेला असतो. दव पृष्ठभागभर पसरते. हा थेंब ठरावीक जागीच उभा राहतो. हरभऱ्यावर आणखी एक प्रकार घडतो. त्याच्या ग्रंथिल केसांतून मॅलिक व ऑक्झॅलिक आम्ले स्रवतात व ती दवात विरघळतात. पिकावर रात्री कापड पसरून सकाळी ते पिळले की मिळते ती हरभऱ्याची आंब.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. गव्हावरील तांबेऱ्याचे बीजाणू रुजावयास पानावर काही तास पाणी राहावे लागते. वेधशाळेच्या पेटीतील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंच असतो. तो दवबिंदूच्या वर असतानाही खालचे पान ओले असू शकते. भारतीय हवामान खात्याच्या कृषिवेधशाळांत वापरला गेलेला दुवदेवानी दवमापक हा रंगविलेला लाकडी ठोकळा आहे. त्यावरील थेंब प्रमाण छायाचित्रांशी ताडून दवाचे मान ठरवितात. परंतु ठोकळा म्हणजे पान नव्हे. रोगाचा अंदाज बांधणाऱ्यास पानाचेच तापमान व त्याच्या ओलाव्याचा काळ पाहिला पाहिजे.

मग मराठी क्रियापद चुकले काय? थंडी पडते, अंधार पडतो, दुष्काळ पडतो. ह्यांतील काहीच वरून खाली येत नाही. येथे ‘पडणे’ म्हणजे एखादी स्थिती उत्पन्न होणे. ‘दव पडते’ हे वाक्य त्याच पंक्तीत ठेवले, तर ते निर्दोष आहे. त्याचा अक्षरशः अर्थ घेऊन आकाशाकडे पाहत राहणे, एवढीच चूक आपली होती.