जुना लष्करी ट्रक : घेण्यापूर्वीं दोन गोष्टी

लष्करी लिलावांतून निघालेला ट्रक शेतमाल वाहण्यास घ्यावा काय, असा प्रश्न धामणगाव बढे येथील शेतकरी बंधूंस पडणें साहजिक आहे. जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या सहकार्यानें जबलपुरांत १९५९ पासून होणारे ‘शक्तिमान’ ट्रक १९९६ मध्यें बंद झाले. यास्तव सुटे भाग मिळतील कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

वर्षानुवर्षें उभी असलेली गाडी एकदम चालूं करूं नये. टाकींतील जुनें डिझेल व इंजिनांतील तेल काढावें आणि इंजिन हातानें फिरवून पाहावें. सिलिंडरांत पाणी असतां स्टार्टर दिल्यास आंतील दांडा वांकतो. उंदरांनीं कुरतडलेल्या तारा व चिरा पडलेले टायर बदलावे.

मुख्य गोष्ट ब्रेकांची. त्यांचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें, व नळ्या आंतून गंजतात. अंगणांत थांबणारी गाडी, खत भरून बुलढाण्याहून राजूर घाट उतरतांना थांबेलच असें नाहीं.

शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वयें नोंदणीवांचून ती रस्त्यावर आणतां येत नाहीं. म्हणून आमचें सांगणें इतकेंच कीं, लिलावांत बोली करण्यापूर्वीं दुरुस्तीचा खर्च मांडावा. ब्रेकांत काटकसर करावयाची असल्यास गाडी न घेणेंच श्रेयस्कर.